तारखेची मोकळी जागा

आईचा फोन आला तेव्हा एल्बियो पुड्यातला शेवटचा बिस्कोचो कुणी खायचा यावरून यामिलाशी हुज्जत घालत होता. सोमवारची सकाळ, मोन्तेविदेओतल्या ऑगस्टची बोचरी थंडी, हीटरला करपट वास येत होता. "अरे, तुमच्या दवाखान्याकडून कळवलंय," आई म्हणाली, "गास्तोन गेला म्हणून." गॅसवाला येऊन गेला म्हणावं तशा आवाजात. एल्बियोच्या तोंडून निघून गेलं, "कधी?" "ते काही लिहिलेलं नाही. निरोप शुक्रवारीच आलाय. तू संध्याकाळी ये सावकाश. आता घाई नाही." आणि तिनं फोन ठेवला. मागोमाग तिनं पुढे पाठवलेला निरोप त्याच्या फोनवर येऊन पडला. 'आपल्या कुटुंबातील सभासद गास्तोन ओलायसोला यांचे दिनांक   रोजी निधन झाल्याचे कळले. संस्था आपल्या दुःखात सहभागी आहे.' भावाचं नाव त्याला नंतर दिसलं. आधी दिसली ती दिनांक आणि रोजी यांच्या मधली मोकळी जागा. नेहमीच्या अंतरापेक्षा ती जास्त होती. म्हणजे मधे काहीतरी छापलं गेलं होतं, आणि ते काहीतरी म्हणजे काहीच नव्हतं. हे त्याला इतक्या चटकन कळलं की दुःख, धक्का, अशा वेळी माणसाला जे काही व्हायचं असतं त्याला आत यायला फटच उरली नाही. भाऊ मेल्याची ही बातमी खरी नव्हती. ती त्यानंच तयार केली होती, गेल्या बुधवारी, जेवणाच्या आधी, भूक लागलेली असताना.

आपल्याला काय होतंय हे त्यानं जरा थांबून पाहिलं, खिसे चाचपून पाहावे तसं, आणि काहीच हाताला लागलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. पण खरं सांगायचं तर ते आजच झालं होतं असंही नाही. यामिलानं 'माते' या चहासारख्या पेयाचा तुंबा त्याच्यापुढे धरला. मोन्तेविदेओत कचेरीतलं काम थांबतं, माते थांबत नाही. एकच तुंबा, त्यात कडवट पाला, धातूची नळी, आणि गरम पाणी ओतणारा एकच. तो भरून देतो, तुम्ही ओढून संपवता, परत देता, तो पुढच्याला भरून देतो. परत देताना बोलायचं काही नाही. 'ग्रासियास' म्हणालात, आभार मानलेत, की त्याचा अर्थ पुरे, मी उठलो, मला धरू नका. गेल्या वर्षी काराकासहून आलेला आनिबाल बिचारा पहिला महिनाभर दर वेळी तुंबा परत देताना सभ्यपणे ग्रासियास म्हणायचा, आणि हे लोक आपल्याला एकदाच का देतात म्हणून मनातल्या मनात कुढायचा. शेवटी यामिलानंच त्याला सांगितलं, "अरे बाबा, गप्प बस, म्हणजे मिळेल. इथे न बोलणाराच पंगतीत असतो." एल्बियोनं तुंबा रिकामा केला आणि न बोलता परत दिला. बिस्कोचो यामिलानं खाऊन टाकला होता.

आता चूक काय झाली ते सांगायला हवं, कारण ती फार साधी आहे. एल्बियो ज्या आरोग्यसंस्थेत प्रोग्राम लिहायचा ती सभासदांच्या वर्गणीवर चालते. अर्धं शहर तिचं सभासद. तिच्या वेबपानावर सभासदाच्या माहितीचा फॉर्म आहे. नाव, पत्ता, फोन, आणि अगदी तळाशी, खिडकीवरच्या कारकुनांनाच दिसणारी एक चौकट: मृत्यूची तारीख. जिवंत माणसाची ती चौकट कोरी असते. कोऱ्या चौकटीचं काय करायचं, हाच सगळा प्रश्न. पानाला अक्कल नसते. ज्या चौकटीला कुणी हातही लावला नाही तिथूनही ते काहीतरी पाठवतंच: एकही अक्षर नसलेला मजकूर, आत पत्र नसलेलं पाकीट. आणि पाकीट मिळालं की डेटाबेस समजतो, टपाल आलं. म्हणून साठवण्याआधी एका ओळीत त्याला बजावावं लागतं, बाबा रे, पाकीट रिकामं असेल तर ते आलंच नाही असं धर, तिथे नल लिही. नल म्हणजे शून्य नव्हे, नाही नव्हे, कोरं उत्तरही नव्हे. नल म्हणजे उत्तर अजून आलेलं नाही. हे पुराण एल्बियो प्रत्येक नव्या माणसाला लावायचा. "मुलं किती असं विचारलं आणि समोरचा म्हणाला एकही नाही, तर ते उत्तर झालं. समोरचा नुसता तुझ्याकडे बघत राहिला, तर तो नल." यामिला मागून म्हणायची, "झालं का महाराजांचं सुरू?" आणि आता महाराजांचाच पाय घसरला होता.

जुन्या काळी कारकून त्या तळाच्या चौकटीत 'नक्की नाही', 'बहुधा मार्चात' असलं काहीबाही लिहून ठेवायचे. ते फेकून देववेना, म्हणून ती जागा तारखेची न करता साध्या मजकुराची ठेवली होती. तारखेची असती तर डेटाबेसनं हट्ट धरला असता, तारीख दे नाहीतर चालू लाग. मजकुराच्या जागेनं मात्र रिकामं पाकीट मुकाट्यानं ठेवून घेतलं. मेलेल्या बापाच्या नावानं तपासणीची बोलावणी येतात अशा तक्रारी होत्या, म्हणून बुधवारी एल्बियोनं नवं काम जोडलं: मृत्यूच्या चौकटीत नल नसेल तर बोलावणी बंद व्हावीत आणि घरच्यांना सांत्वनाचा निरोप आपोआप जावा. गुरुवारी ते चालू झालं. तेव्हापासून ज्या ज्या सभासदाचं पान कुणी कुठल्याही कारणानं उघडून पुन्हा साठवलं, पत्ता बदलला, फोन बदलला, तो तो मेला. बाकी प्रत्येक चौकटीला ती बजावणारी ओळ होती. या एकीलाच नव्हती. का नव्हती, हेही एल्बियोला आठवलं, आणि आठवलं म्हणून काही वाटलं असं नाही. बुधवारी काम तपासून बघायला कुणाचं तरी पान हवं होतं. त्याला तोंडपाठ असलेला सभासद-क्रमांक एकच, घरचा. त्यानं गास्तोनचं पान उघडलं, खाली सरकला, तळाची कोरी चौकट समोर आली, आणि पान बंद करून तो जेवायला गेला. जेवून आल्यावर वरच्या सगळ्या चौकटी त्यानं नीट तपासल्या. तळाशी पुन्हा गेला नाही.

आणि गुरुवारी आई खिडकीवर गेली होती. तिचा फोनचा नंबर बदलला होता. कारकून बाईला ती काय म्हणाली असेल ते एल्बियोला न विचारताच ठाऊक होतं: माझ्या पानावर मागेच टाकलाय, आता माझ्या धाकट्याच्याही पानावर टाका, उद्या त्यानं शोधलं तर जुन्या नंबरावर कोण उचलणार? बाईनं गास्तोनचं पान उघडलं, नवा नंबर घातला, साठवा म्हणून बटण दाबलं. सापडावं म्हणून आईनं जे केलं त्यानंच तो मेला.

दहा वाजेपर्यंत सगळे फोन वाजायला लागले. एक म्हातारा तर स्वतःच आला, काखेत थर्मास, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि खिडकीवर हात आपटून म्हणाला, "मी मेलो म्हणे! बायकोला कळवलंत, पण मला कोण कळवणार? आणि तारीख तरी टाका की हो, वर्षाची प्रार्थना कधी ठेवायची तिनं?" रांगेतले लोक हसले. तोही हसला, मग एकाएकी त्याचे डोळे भरून आले आणि तो खुर्ची शोधायला लागला. साहेब बीदेगाइन, स्वभावानं वाईट माणूस नव्हे पण घाम फार लवकर फुटायचा, एल्बियोच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "चूक कुणाची ते मागाहून बघू. आधी मेलेले उठवा." एल्बियो म्हणाला, "माझी आहे." "अरे, मागाहून म्हटलं ना!" राहिलेली ओळ घालायला काही वेळ लागला नाही. कोऱ्या पाकिटांच्या जागी नल घालून टाकणंही एका फटक्याचं काम होतं. उठवायला वेळ लागत नाही, हे त्याच्या मनात येऊन गेलं. मग बीदेगाइननं स्वतः बसून दुरुस्तीचा निरोप लिहिला. संध्याकाळी सहा वाजता सगळ्या घरी तो एकदम जायचा होता. 'आधीचा निरोप तांत्रिक चुकीमुळे गेला. आपले आप्त हयात आहेत. झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमा असावी.' "ठीक आहे ना?" त्यानं विचारलं. सगळे म्हणाले, ठीक आहे. एल्बियोनं ते मधलं वाक्य पुन्हा वाचलं. आपले आप्त हयात आहेत.

घरांची यादी यामिला काढत होती. दुपारी तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. "ओलायसोला, नीबिया. ही तुझी आई ना रे?" "हो." "मग हा गास्तोन कोण?" "भाऊ." "तुला भाऊ आहे?" यामिला म्हणाली. नऊ वर्षं ती त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होती, त्याच्या घटस्फोटाच्या वेळी तिनं त्याला घरी जेवायला घातलं होतं, आणि हे तिला माहीत नव्हतं. आहे म्हणायला त्यानं तोंड उघडलं, होता म्हणायला पुन्हा उघडलं, आणि मग तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. यामिलानं मान खाली घातली. मग ती हळूच म्हणाली, "यादीतून काढू का?" "काढ. मी संध्याकाळी जातोय, मीच सांगेन." "काय सांगशील?" "चूक झाली म्हणून." "मग तेच तर निरोपात आहे." "निरोपात हयात आहे म्हणून आहे," एल्बियो म्हणाला. हीटर बंद करून तिनं खिडकी थोडी उघडली. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी ढोल वाजवत चाललं होतं, एकटंच, सराव करत असावं.

अठरा वर्षांपूर्वीही खाली रस्त्यावर असाच ढोल होता, महिना मार्चचा. गास्तोन तेविसाचा, एल्बियो सव्विसाचा. शहरात कामं मिळत नव्हती. एल्बियोला नुकतीच ही नोकरी लागली होती आणि त्याचा तो थोडा तोरा मिरवत होता. बाप आधीच गेला होता, रीतसर, तारखेसकट. परदेशी झेंड्याची एक स्क्विड मासळी धरणारी बोट बंदरात उभी होती आणि तिच्यावर माणसं हवी होती. "तू बडव तुझा कीबोर्ड," गास्तोन म्हणाला, "मी जरा समुद्र बघून येतो. ही आपली नदी बघून कंटाळा आला, उगाच सगळे तिला समुद्र म्हणतात." मोठ्यानं बोलणारा, जिना चढताना शीळ घालणारा, कुणाचीही टोपी उचलून आपल्या डोक्यावर घालणारा पोरगा. निघायच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तिघं बसले होते आणि आई ओतत होती. खाली गाडीचा भोंगा वाजला. गास्तोननं घाईघाईनं तुंबा संपवला, आईच्या हातात दिला, पिशवी खांद्यावर मारली आणि गेला. ग्रासियास म्हणाला नाही. एल्बियोला हे लक्षातही राहिलं नसतं. आईनं ते धरून ठेवलं. जूनमध्ये बोटीच्या एजंटाचा कागद आला. 'सकाळच्या हजेरीला आढळला नाही. सामान बिछान्यावर होते.' बस. पडला म्हणून नाही, बुडाला म्हणून नाही. आदल्या रात्री बोट दक्षिणेकडच्या एका बंदरात थांबली होती आणि एक खलाशी शपथेवर सांगत होता की त्यानं गास्तोनला धक्क्यावर पाहिलं, कुणाची तरी टोपी घालून. दुसरा सांगत होता की रात्री डेकवर फार वारा होता. एल्बियोनं दोघांनाही फोन केले, पत्रं लिहिली, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि एके दिवशी हे सगळं करताना आपल्याला काहीच वाटत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याला बरंच वाटलं. घरात एकानं तरी शहाणं असायला हवं.

आई शहाणी झाली नाही. एखाद्या रविवारी तो घरी गेला की ती टेबलापाशी बसून ओतायची: आधी स्वतःला, मग एल्बियोला, मग तुंबा भरून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवायची. क्षणभर ठेवायची, मग वाया जाऊ नये म्हणून स्वतःच पिऊन टाकायची. पहिल्या वर्षी एल्बियो चिडला. "आई, पुरे कर आता हे." ती म्हणाली, "तो म्हणाला का पुरे? तुझ्यासमोर उठला ना तो? म्हणाला?" "भोंगा वाजत होता खाली." "मी विचारलं, म्हणाला का?" "नाही." "मग झालं तर." पुढे सवय झाली, तिसरी पाळी खुर्चीची हे अंगवळणी पडलं, बायको पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिलाही त्यानं दारातच सांगून ठेवलं की तिकडे बघू नकोस. मध्यंतरी एक वकीलही गाठून दिला होता कुणीतरी. इतकी वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर न्यायाधीश तो मेला असं जाहीर करू शकतात, दोघांच्या सह्या लागतात. एल्बियोनं वकिलाच्या टेबलावर उभ्याउभ्याच सही ठोकली. आईनं पेन हातात घेतलं, कागदाकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं. "माझ्या हातानं नाही," ती म्हणाली. खाली उतरताना एल्बियोनं तिला विचारलं होतं, "दुसऱ्या कुणाच्या हातानं चालेल का मग?" टोमणाच होता तो. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज बसमध्ये बसल्यावर तोच टोमणा त्याला आठवला.

बस आईच्या वस्तीकडे, 'ला तेहा'कडे, निघाली. नदी डाव्या हाताला, तपकिरी, थंड. मागच्या बाकावर एक जण गिटार लावत होता, गाणं काही सुरू करत नव्हता. एल्बियो आईला काय सांगायचं ते मनाशी जुळवत होता. चूक झाली, एवढं तर सोपं होतं. पण आईच्या आवाजात सकाळी काहीतरी होतं, म्हणजे नेहमीचं काहीतरी नव्हतं. फोनवर ती नेहमी पहिल्या शब्दाआधी किंचित थांबायची, पलीकडे कोण आहे याचा अंदाज घेतल्यासारखी. सकाळी ती थांबली नव्हती. घाई नाही आता, म्हणाली होती. समजा सांगितलंच नाही. समजा कामावर जाऊन त्या तळाच्या चौकटीत एक तारीख लिहून टाकली, कुठलीही, आणि सांत्वनाचा निरोप खरा करून टाकला. ते त्याला बटण दाबण्याइतकं सोपं होतं, आणि आईची उरलेली वर्षं सुखाची गेली असती. आणि समजा सांगितलं, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पुन्हा उठवून त्या टेबलापाशी बसवायचं, वाट बघत. हे दोन्ही विचार त्यानं अगदी शांतपणे केले, आणि तेवढ्यात उतरायचा थांबा आला.

दारामागच्या खुंटीवर अठरा वर्षं लटकत असलेला गास्तोनचा कोट नव्हता. खुंटी केवढी मोठी होती हे एल्बियोला पहिल्यांदाच दिसलं. "शेजारच्या सुल्माच्या जावयाला दिला," आई आतून म्हणाली, "त्याला सकाळी सहाला कामावर जावं लागतं, कुडकुडत जातो बापडा." तिनं केस धुतले होते. खिडकीतून लांब तेलशुद्धीच्या कारखान्याची ज्योत दिसत होती, नेहमीसारखी. ती टेबलापाशी बसली, पाला भरला, पहिलं पाणी घालून ते स्वतः प्यायली. दुसरं एल्बियोला दिलं. तो प्यायला. मग तिनं भरलं आणि पुन्हा स्वतःच प्यायली. खुर्चीची पाळी गेली. एल्बियोला ती जाताना दिसली.

"म्हातारे," तो म्हणाला. लाडात आला की तो तिला म्हातारे म्हणायचा. "तुला तो निरोप..."

"मला वाटलं तूच पाठवलास," आई म्हणाली. "तोंडानं बोलता येईना म्हणून यंत्राकडून बोललास. बापावर गेलायस अगदी. आणि तारीख नाही बघून तर मला खात्रीच पटली. खोटं असतं तर कुणीही खोटी तारीख ठोकून दिली असती. समुद्रात तारीख कोण लिहून ठेवतो?"

एल्बियोनं टेबलावरचा पाल्याचा एक कण बोटानं टिपला. इथेच गप्प राहिलं तरी चाललं असतं. "चूक झाली आई," तो म्हणाला. "माझ्याच हातून. ती चौकट कोरी होती आणि माझ्या प्रोग्रामला ती भरलेली वाटली. असे पुष्कळ घरी निरोप गेलेत. कुणी काही कळवलेलं नाही. कुणाला काही माहीत नाही."

आई थर्मासचं झाकण फिरवत राहिली. उघडलं, लावलं. "म्हणजे गेला नाही?"

"तसंही नाही."

"मग काय?"

"माहीत नाही. होतं तसंच."

"वा," ती म्हणाली, आणि थोडंसं हसलीसुद्धा. "एवढं शिकलास, त्याचं हेच का?" मग हसू गेलं. एल्बियोला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर खुर्चीसमोर तुंबा ठेवेल. तिनं दोन्ही केलं नाही. "ऐक," ती म्हणाली. "चूक तर चूक. पण शुक्रवारी मी झोपले रे. शनिवारी झोपले. काल तर ऊन अंगावर आलं तेव्हा जाग आली. अठरा वर्षं माझा एक कान फोनपाशी आणि एक जिन्यापाशी असायचा. झोपताना दोन्ही कान घेऊन झोपायचं असतं हे मी विसरले होते. ती झोप आता मी परत द्यायची नाही. तुमचा तो दुसरा निरोप मला नको."

"तुला नाही पाठवला."

"बरं केलंस. आणि ती चौकट भरता येते ना तुला? मग भर. तो या टेबलावरून उठला तो दिवस टाक. तिथपर्यंतचं मला ठाऊक आहे. त्यानंतरचं समुद्राचं." तिनं तुंबा भरला. या वेळी तो तिनं खुर्चीसमोर ठेवला, पूर्वीसारखाच, आणि क्षणभरानं तिथून एल्बियोच्या पुढ्यात सरकवला. "ही त्याची पाळी. आज तू पी. आणि त्याच्या वतीनं तो शब्द म्हणून टाक. मी ओतणारी, मला म्हणता येत नाही. ओतणाऱ्यानं म्हणायचं नसतं. त्यानं म्हटलं असतं तर मी केव्हाच मोकळी झाले असते. दुसऱ्या कुणाच्या हातानं चालेल का म्हणून तू मला विचारलं होतंस. चालेल. तुझ्या चालेल."

ऐकलं होतं तर तिनं. एल्बियोनं तुंबा उचलला. पाणी कोमट झालं होतं आणि पाला कडू उतरला होता. तो सावकाश प्यायला, नळीतून तो शेवटचा खरखर आवाज येईपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ रिकामीच नळी ओढत राहिला. आता एक शब्द. आनिबाल महिनाभर तो फुकट वाटत होता. वकिलाच्या टेबलावर सही ठोकायला त्याला बसावंसुद्धा लागलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. जिन्यात कुणीतरी वर येत होतं, वरच्या मजल्यावरचं कुणी असणार, आणि एल्बियोच्या ध्यानात आलं की आपला कान तिकडे लागलाय. आजच नव्हे, या घरात आल्यावर दर वेळी लागतो, शीळ येते का म्हणून. पावलं दारावरून वर गेली. गालातलं औषध उतरायला लागलं की आधी ठणका लागतो, तसं काहीतरी घशापासून छातीपर्यंत उतरत गेलं. त्याला भाऊ हवा होता. मोठ्यानं बोलणारा, आपली टोपी उचलून घालणारा, जिवंत. इतकी वर्षं शहाणं राहून त्याला तेवढंच हवं होतं, आणि हे कुणाला सांगावं हे त्याला कळेना, कारण समोर बसलेली बाई आत्ताच त्यातून सुटली होती.

"म्हण ना रे," आई हळूच म्हणाली.

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही समजलं नाही. मग त्यानं हात पुढे केला आणि तुंबा तिच्या हातात परत दिला. बोलला काहीच नाही.

आई तुंबा धरून बसून राहिली. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, लहानपणी ताप उतरला का ते बघायची तसं. बाहेर अंधार पडायला लागला होता. कारखान्याची ज्योत आता चांगली ठळक दिसत होती.

"बरं," ती म्हणाली. मग तिनं थर्मास उचलला आणि तुंबा पुन्हा भरला.